वायर वजा करून घेतलेली गाडी

जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी गाडीकडे बघत नाही. मालकाच्या चपलांकडे बघतो. एका बाजूने झिजून टाच जमिनीला टेकली तरी तीच चप्पल घालणारा माणूस गाडीचं टायरही तसंच झिजू देतो, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे. मग मी गाडीभोवती एक फेरी मारतो. बोलत काहीच नाही. चेहरा असा ठेवतो की मला इथे कुणीतरी धरून आणलंय. फेरी पूर्ण होईपर्यंत मालकाच्या मनातली किंमत थोडी खाली आलेली असते. तोपर्यंत मी गाडीला हातही लावलेला नसतो.

दहिवलीला रस्त्याला लागून माझं यार्ड आहे. यार्ड म्हणजे पत्र्याची शेड, आठ-दहा जुन्या गाड्या, एक टेबल आणि माझा आवाज. आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो असं लोक म्हणतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या यशाबद्दल लिहा. यशाबद्दल मी रोज चहाच्या टपरीवर फुकट बोलतो आणि आता ते ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून माझ्या फजितीची गोष्ट लिहितो. ती अर्ध्या तालुक्याला माहीत आहेच, पण लोक ती चुकीची सांगतात.

आधी धंदा समजून घ्या. जुन्या गाडीत तीन गोष्टी लपवतात. अपघात, पूर आणि धाव. अपघात झालेला असेल तर दाराच्या कडेचं रबर थोडं उचकून आतला रंग बघायचा. बाहेरचा रंग कुणीही चकचकीत करतो, आतला करायचा कंटाळा करतात. धाव कमी करून दाखवली असेल तर ब्रेकच्या पॅडलचं रबर बघायचं. काट्यावर वीस हजार किलोमीटर आणि रबर गुळगुळीत, म्हणजे काटा खोटं बोलतोय. पुराचं सांगतो पुढे.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. शेलूचे एक निवृत्त मास्तर ओळीने सात रविवार आले. दर वेळी एकाच गाडीत बसायचे, दार लावून घ्यायचे, अर्धा तास रेडिओ ऐकायचे आणि जायचे. मला वाटलं, गाडी भरली यांच्या मनात. आठव्या रविवारी आले आणि स्कूटर घेऊन गेले. मी चिडून विचारलं, "मास्तर, मग त्या गाडीत का बसत होता?" म्हणाले, "घरी नातवंडं असतात हो. शांतता कुठाय?"

माझे स्वतःचे दोन नियम होते. पहिला, विकणाऱ्याला बोलू द्यायचं नाही. बोलला की गाडीचं कौतुक करतो आणि कौतुकाने किंमत चढते. दुसरा, गाडीसोबत जे जे वरचं देतात, सीट कव्हर, म्युझिक, मॅट, ते सगळं नको म्हणायचं. "हे तुमच्याकडेच ठेवा आणि याचे कमी करा." सीट कव्हर काढून घेऊन माणूस त्याचं काय करणार? शेवटी कंटाळून ते गाडीतच सोडतो. पैसेही कमी झालेले आणि कव्हरही आपलं. हा माझा शोध आहे असं मी कित्येकांना सांगितलंय.

आणि तिसरी गोष्ट होती, जी मी नियमांत कधी धरली नाही. हनीफ.

हनीफ मेकॅनिक. आम्ही एका वयाचे. माझ्या शेडच्या कोपऱ्यात त्याने वीस वर्षं काम केलं. मी भाडं घेतलं नाही आणि माझ्या गाड्या तपासायचे त्याने पैसे घेतले नाहीत. हिशोब आम्ही कधी बोललोच नाही. मी माणसांना गप्प करायचो, हा बोलतं करायचा. एकदा नेरळला एक पांढरी गाडी बघितली. रबर, रंग, पॅडल, सगळं चोख. मी टोकनचे पैसे काढत होतो. हनीफने मागच्या सीटचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत ओढला. पट्टा नेहमी जेवढा बाहेर येतो त्याच्याही पलीकडे, अगदी मुळाशी, वाळलेल्या गाळाची रेघ होती. त्याने मालकाकडे बघितलं आणि शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, "भाऊ, पाणी कुठपर्यंत होतं वो?" मालक म्हणाला, "खिडकीपर्यंत." असं! मी तासभर ओरडून जे काढू शकलो नसतो ते त्याने चार शब्दांत काढलं. परत येताना मी गाडीत म्हणालो, "मला आधीच संशय आला होता." हनीफ म्हणाला, "हो ना. म्हणून तर पैसे मोजत होतास."

आता ती गाडी.

खालापूरच्या अलीकडे एक बंगला आहे. तिथे एक डॉक्टरबाई राहायच्या. दातांच्या डॉक्टर, निवृत्त, मुंबईचं सगळं आवरून इथे आलेल्या. आता त्या मुलीकडे बंगळूरला निघाल्या होत्या आणि गाडी विकायची होती. परदेशी बनावटीची, मोठी, काळी. नवी घ्यायची तर माझं यार्ड विकावं लागेल अशी. दुसरा एजंट पोचायच्या आत मला ती हवी होती. हनीफ भाचीच्या लग्नाला म्हसळ्याला गेला होता. फोनवर म्हणाला, "चार दिस थांब. ती साधी गाडी नाय. मी आल्यावर बघू." मी थांबलो नाही. चार दिवस थांबणारा माणूस या धंद्यात चार दिवसच टिकतो, असं मी त्याला ऐकवलं.

सकाळी सातला गेलो. सकाळचं कारण असं की रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना खरं बोलतं. डॉक्टरबाईंच्या पायात कॅनव्हासचे स्वच्छ बूट. गाडी चांगली असणार. बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. छान. आत बसलो, बटण दाबलं. दिवे लागले, बाकी काही नाही.

"बाई, सुरू होत नाही."

"झालीये सुरू."

"कुठे?"

"झालीये, भोईर. गिअर टाका."

टाकला. गाडी अंगणातून अशी सरकली की जणू अंगणच मागे निघालंय. आवाज नाही, थरथर नाही. अठ्ठावीस वर्षं मी इंजिनाच्या आवाजावर गाड्या ओळखल्या आणि इथे ओळखायला आवाजच नव्हता. शहाण्या माणसाने विचारलं असतं, बाई, ही काय भानगड आहे? मी मान हलवली आणि गंभीरपणे म्हणालो, "आवाज ठीक आहे."

बॉनेट उघडलं. आत मनगटाएवढ्या जाड नारिंगी वायरी. एवढ्या वायरी मी गाडीत कधी बघितल्या नव्हत्या. एका वायरीजवळ बोट नेलं तर बाई म्हणाल्या, "त्याला हात लावू नका हं." मी बोट मागे घेतलं आणि "धूळ आहे" म्हणालो.

मग समोरच्या पडद्यावर सरासरी दिसली, लिटरला अठ्ठेचाळीस किलोमीटर. एवढी मोठी गाडी! मोटरसायकलसुद्धा देताना विचार करते. मी मनात म्हटलं, सापडल्या बाई. "बाई, तुमचं मीटर बिघडलंय."

"नाही हो, ते बरोबरच आहे. मी रोज—"

"बिघडलंय. दुरुस्तीला खर्च आहे. याचे कमी करा."

त्या काही सांगायला गेल्या, मी हात वर केला. नियम पहिला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. दात काढायच्या आधी डॉक्टर बघतात तसं. आणि कमी केले.

शेवटी त्यांनी डिकीतून एक निळी पिशवी काढली. आत जाड काळी वायर, मधे एक डबा, टोकाला नळीसारखं काहीतरी. "आणि हा चार्जर. हा फार जपा."

मला वाटलं, आलं सीट कव्हर. "हे काही नको, बाई. तुमच्याकडेच ठेवा आणि याचे कमी करा."

"अहो, पण तुम्हाला हा लागेल."

"मला गाडी हवीय. वायरी माझ्याकडे खूप आहेत."

"भोईर, नीट ऐका, या गाडीला—"

"बाई, वायर वजा करा आणि पैसे घ्या. नाहीतर मी निघालो."

पंचवीस हजार वजा झाले. मी पिशवी स्वतःच्या हाताने त्यांच्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर ठेवली. शीळ घालत निघालो. माझ्या वाचकांपैकी ज्यांना गाड्यांतलं कळतं ते आत्ताच हसत असतील. हसू दे. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. हिच्या पोटात पेट्रोलचं इंजिन असतं, शिवाय विजेवरची मोटर आणि मोठी बॅटरी असते. घरी रोज मोबाइलसारखी चार्ज करायची. पहिले तीस-पस्तीस किलोमीटर विजेवर, गुपचूप. बॅटरी संपली की पेट्रोल. बाई रोज चार्ज करून खोपोली, खालापूर एवढंच फिरायच्या. पेट्रोल क्वचितच लागायचं, म्हणून ती अठ्ठेचाळीसची सरासरी. मीटर बिघडलेलं नव्हतं. चार्ज न करता चालवली तर पेट्रोल पिऊन ती जड बॅटरी नुसती ओझ्यासारखी वाहत बसते. आणि चार्ज करायची वायर व्हरांड्यातल्या खुर्चीवर.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दहिवलीपर्यंत गाडी बिनआवाजाची आली. बाईंनी गाडी द्यायच्या आधी भल्या मनाने ती पूर्ण चार्ज करून ठेवली होती. टपरीसमोर मी मुद्दाम तीन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी पळसदरीजवळ चढावर अचानक बॉनेटखालून घरघर आली. मी गाडी कडेला घेतली, सदऱ्यासकट खाली झोपलो आणि काय तुटलंय ते शोधायला लागलो. तुटलं काही नव्हतं. त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मी तिथूनच बाईंना फोन लावला.

"बाई, तुमची गाडी आवाज करायला लागली."

"पेट्रोलवर गेली असेल. चार्ज केलीत का?"

"मला शिकवू नका!" आणि फोन ठेवला.

चार दिवसांत सरासरी अकरावर आली. माझी खात्री पटली की बाईंनी मीटरमध्ये काहीतरी करून मला टोपी घातली. टपरीवर मी सांगत सुटलो. शिकलेली माणसं, दातांचे डॉक्टर, हसत हसत लुटतात. कर्जतपासून चौकपर्यंत ज्याला वेळ होता त्याला सांगितलं, ज्याला नव्हता त्याला थांबवून सांगितलं. घरी मंगलला, म्हणजे बायकोला, सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, त्यांनी सांगितलं काय होतं?" मी म्हणालो, "बोलूच दिलं नाही मी." ती भाजी चिरायला निघून गेली.

पाचव्या दिवशी हनीफ लग्नाहून परतला. यार्डात त्या वेळी नेरळचं एक जोडपं गाडी बघत होतं, आणि धंद्यातले दोन एजंट बाकावर बसले होते. मी काळ्या गाडीची कैफियत मांडत होतो. हनीफने पिशवी खाली ठेवली, गाडीभोवती फिरला आणि पुढच्या चाकाच्या वर जिथे मला नुसता पत्रा दिसत होता तिथे दाबलं. एक छोटं झाकण उघडलं. आत गोल खाच.

"दत्ता, हिचा चार्जर कुठाय?"

"कसला चार्जर?"

"हिला रोज चार्ज करायचं असतंय. जाड वायर मिळते, मधी डबा असतो. कुठाय ती?"

मला ती निळी पिशवी दिसली. खुर्ची दिसली. "ती… ती मी नको म्हटली. पैसे कमी करून घेतले."

हनीफ हसायला लागला. मुद्दाम नव्हे. त्याला आवरेना. गाडीला टेकून, डोळे पुसत हसला. "वायर वजा! अरे, म्हशीचे सड सोडून म्हैस घेतलीस रं!" एजंट हसले. नेरळच्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

माझ्या डोक्यात राग चढतो तेव्हा मला कान गरम झाल्याचं कळतं, बाकी काही कळत नाही. मी म्हणालो, आणि रस्त्यापलीकडे ऐकू गेलं, "माझ्या शेडमध्ये उभा राहून मला हसतोस? माझं छप्पर नसतं तर नाक्यावर पंक्चर काढत बसला असतास!"

हसणं थांबलं. सगळ्यांचंच. हनीफने ते छोटं झाकण हळूच लावलं, अगदी टक् आवाज होईपर्यंत. नळावर हात धुतले. कोपऱ्यातल्या फळीवरचे पाने एकेक करून पिशवीत भरले. मी बघत उभा होतो. थांब म्हणायला एक शब्द पुरला असता. अठ्ठावीस वर्षं बोलून पोट भरलेल्या माणसाला तो सापडला नाही.

नेरळचं जोडपंही गेलं. जाताना नवऱ्याने विचारलं, "तुमच्या गाड्या हेच बघतात ना? हनीफभाई?"

हा प्रश्न मग रोज यायला लागला. फोनवर, दारात, टपरीवर. हनीफभाईंनी बघितलीय का? नाही म्हटलं की "विचार करून सांगतो." दत्ता भोईरच्या नजरेचं नाव आहे, असं मी वीस वर्षं समजत होतो. नाव होतं, पण नजर माझी नव्हती. महिनाभरात एक गाडी विकली गेली नाही. दोन विकत घेतल्या, त्यातली एक निळा धूर सोडते आणि दुसरीबद्दल मी बोलत नाही. हनीफ नेरळच्या रस्त्याला दुसऱ्याच्या शेडमध्ये बसायला लागला होता. बाकावरचे ते दोन एजंट आता त्याला घेऊन गाड्या बघत होते.

मंगल म्हणाली, "जा आणि माफी मागा."

"आधी वायर आणतो."

"वायरचा काय संबंध?"

"आहे." संबंध मलाही माहीत नव्हता. माफी मागायला जायचं टाळत होतो, दुसरं काय. आणि नवी वायर परदेशातून मागवायची तर काय पडते ते मी कंपनीच्या मुंबईच्या माणसाला विचारलं होतं. उत्तर ऐकून खुर्चीत बसलो होतो.

डॉक्टरबाईंच्या बंगल्यात सगळीकडे खोकी बांधून ठेवलेली. चार दिवसांनी निघणार होत्या. मी पायरीवरूनच सुरुवात केली, "बाई, त्याचं असं झालं—"

त्यांनी हात वर केला. माझाच हात, माझ्याच पद्धतीने. "बसा. आज तुम्ही ऐकायचं."

मी अर्धा तास ऐकलं. चार्ज कशी करायची, पेट्रोल टाकीत नुसतं पडून जुनं होऊ द्यायचं नाही, छोटी बॅटरी उतरली तर दारही उघडत नाही म्हणून किल्लीत खरी किल्ली कुठे लपवलेली असते. सगळं एका कागदावर लिहिलेलं होतं. हा कागद त्या दिवशीही त्यांच्या हातात होता म्हणे. मी बघितला नव्हता. मीटरबद्दल मी गावभर काय बोललो ते त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "भोईर, मी चाळीस वर्षं लोकांना 'आ करा' म्हणत आले. 'तोंड मिटा' म्हणायची वेळ तुमच्यामुळे आली."

निळी पिशवी टेबलावर आली.

"पंचवीस हजार," बाई म्हणाल्या. "जेवढे वजा केलेत तेवढे."

मी शपथेवर सांगतो, मला बोलायचं नव्हतं. तोंड आपोआप उघडलं. "जुनी आहे, बाई. थोडं कमी—"

त्यांनी पिशवी उचलली.

"दिले, दिले!"

पैसे घेऊन त्या म्हणाल्या, "खरं तर हा चार्जर मी भंगारवाल्याला देणार होते. तुमचे ते मेकॅनिक येऊन गेले म्हणून ठेवला."

"कोण?"

"हनीफ नाव त्यांचं. महिना होत आला. स्कूटरवरून आले, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, 'मॅडम, ती वायर कुणाला देऊ नका. दत्ता येईल. उशीर करंल, पण येईल.'"

मी पिशवी जवळ ओढली.

"आणि म्हणाले," बाई आता हसत होत्या, "'पैसे एक रुपया कमी करू नका. नायतर त्याला वाटंल वायर खराब हाय.'"

मी गाडीत येऊन बसलो. महिना होत आला, म्हणजे भांडणाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. मी टपरीवर "गेला तर गेला" म्हणत होतो तेव्हा तो एवढ्या लांब स्कूटर मारत माझी वायर वाचवायला गेला होता.

घरी न जाता नेरळच्या रस्त्याला लागलो. शेडमध्ये एक जीप जॅकवर उभी होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय मी ओळखतो, डाव्या अंगठ्याचं नख हातोडीने गेलेलं आहे, माझ्याच हातोडीने. बाकावर तेच दोघे एजंट. माझ्यासाठी याहून वाईट बैठक जमणं शक्य नव्हतं.

मी पायांना म्हणालो, "हनीफ, चुकलं माझं."

जीपखालून आवाज आला, "ऐकू येत नाय."

"माझं चुकलं म्हणतोय."

"त्या दिशी केवढ्यानं बोलला होतास? तेवढ्यानं बोल."

कान गरम झाले. एजंट बघत होते. मी मोठ्याने बोललो, रस्त्यापलीकडे गेलं असावं. छपराचं बोललो ते खोटं होतं. यार्ड मी चालवलं, पण लोक त्याच्या भरवशावर आले. चार माणसांसमोर बोललो म्हणून चार माणसांसमोर सांगतोय.

पाय हलले नाहीत. "वायरचं पण सांग. यांनी अर्धंच ऐकलंय."

मग मीटर बिघडल्याचे पैसे कमी केल्यापासून सगळं सांगितलं. "धूळ आहे" म्हणालो तेही. पळसदरीला सदऱ्यासकट गाडीखाली झोपलो तेही. एजंट बाकावरून खाली यायचे बाकी होते. एक जण म्हणाला, "दत्ताशेठ, पुन्हा एकदा सांगा की." मी दात आवळले. आयुष्यात तेवढी महाग गोष्ट मी फुकट दिलेली नाही.

हनीफ बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "आण वायर. बघू चालती का."

यार्डात आलो. त्याने वायर भिंतीच्या सॉकेटला लावली, नळीचं टोक गाडीच्या खाचेत बसवलं. डब्यावर लाल दिवा. मी म्हणालो, "बघ, बाईंनी खराबच—" आणि थांबलो. हनीफ भिंतीकडे बघत होता.

"दत्ता, तुझ्या शेडला अर्थिंग नाय. गाडी शहाणी हाय, धोक्याची वीज घेत नाय. कुणी केलं वायरिंग?"

वायरिंग मीच स्वस्तात करून घेतलं होतं. त्यातली अर्थिंगची तार आणि जमिनीत पुरायची पट्टी मी वजा करायला लावली होती. दिसत नाही त्याचे पैसे कशाला, म्हणून. मी हे त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. नुसता माझ्याकडे बघून मान हलवली.

दुपारभर आम्ही शेडच्या मागे खड्डा खणला. पहारीने मुरूम फुटत नव्हता. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाणी. पट्टी आणि तार जोडून झाल्यावर त्याने पुन्हा वायर लावली. हिरवा दिवा लागला आणि मिचमिचायला लागला. मी म्हणालो, "उद्यापासून येतोस ना? तुझी फळी तशीच आहे."

हनीफ हात धूत होता. "नाय दत्ता. बसायला नाय येणार. गाडी बघायला बोलव, येईन. बघायचे पैसे घेईन. सगळ्यांकडून घेतो तेवढेच."

"माझ्याकडूनही?"

"तुझ्याकडून पयले."

मी हो म्हणालो. फळी अजून रिकामी आहे. त्यावर दुसऱ्या कुणाचे पाने ठेवू दिले नाहीत. काळी गाडी विकली नाही, खरं म्हणजे कुणी घेतलीच नाही. मीच वापरतो. अजूनही माझं म्हणणं आहे की डॉक्टरबाईंनी त्या दिवशी माझा हात धरून मला खाली बसवायला हवं होतं. मंगल म्हणते, हा मुद्दा लेखात घालू नका. घातला.

गाड्या बघायला आता आम्ही जातो तेव्हा हनीफ स्वतःच्या स्कूटरवरून येतो. मालकाशी तोच बोलतो. मी अंगणात उभा राहतो, फार तर चपला बघतो. पैसे तिथल्या तिथे हातात देतो, तो मोजून घेतो. पहिल्या खेपेला परतताना मी यार्डात चहाला बोलावलं, म्हणाला काम आहे. दुसऱ्या खेपेलाही काम होतं. तिसऱ्या खेपेला स्कूटर आत घेतली, बाकावर बसला, चहा प्याला आणि ग्लास खाली ठेवून म्हणाला, "साखर कमी हाय रं."

मी आत जाऊन डबाच आणून त्याच्यापुढे ठेवला.